जुनी पथरी शोधत बडोद्याला

बडोद्याला लोक राजवाडा बघायला जातात, संग्रहालय बघायला जातात, नवरात्रात गरबा बघायला जातात. मी एका म्हाताऱ्याची दाढी करायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे राजवाड्याचं वर्णन कधी येतंय म्हणून कुणाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. राजवाडा मी रिक्षातून पाहिला. मोठा आहे.

म्हातारा म्हणजे माझे सख्खे मामा. त्यांचं घराणं तीन पिढ्या बडोदे सरकारच्या चाकरीत. ते सरकार कधीच गेलं, चाकरीही गेली, पण मामा ‘सरकार’ म्हणाले की ते दिल्लीचं नसतं एवढं समजून घ्यावं लागतं. मामा जन्मभर लांब पात्याच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करत आले. अलीकडे मात्र ज्या दगडावर ते वस्तरा परजत, तो दगड काही केल्या धार देईना. गालावरून दोन-चारदा रक्त आलं तेव्हा सुनेने वस्तरा कपाटात बंद केला आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतला दोन पात्यांचा प्लास्टिकचा रेझर आणून दिला. मामांनी तो एकदा वापरला, ‘तोंडावरून कुणीतरी केरसुणी फिरवली’ असा शेरा मारला आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून दिला. सलूनमध्ये जा म्हणावं, तर एड्सच्या पाट्या लागल्यापासून सगळे न्हावी अर्धं ब्लेड मोडून दांडीत अडकवतात. ‘अर्ध्या पात्याने दाढी करून घ्यायला मी काय अर्धा माणूस आहे?’ असं म्हणून मामांनी दाढी करणंच सोडलं.

एरवी वाढली असती दाढी, बसले असते ऋषीसारखे. पण नातीचा, नेहाचा, साखरपुडा ठरला. मुलगा आणंदचा, गुजराती, संगणकवाला. दोन हजार साल उजाडताच अमेरिकेतले जुने संगणक झोपणार, त्यांना उठवायला या मुलाला महिन्याभरात तिकडे जायचं होतं. मुलाच्या आजीने, म्हणजे बांनी, फोटोत मामांची दाढी पाहिली आणि पहिला प्रश्न टाकला, ‘दादाने दाढी केम? कोण गुजरी गयुं?’ या बाबतीत आपला आणि त्यांचा कायदा एकच आहे. घरचा कर्ता पुरुष दाढी वाढवून बसला म्हणजे सुतक, आणि सुतकात साखरपुडा होत नाही. कुणी गेलेलं नाही असं सांगून झालं, पण बांचा विश्वास डोळ्यांवर. रविवारी येऊ, घरात काही अशुभ दिसलं तर चहा पिऊन परत जाऊ, पुढचं पुढे, असा निरोप आला. पुढचं म्हणजे मुलगा अमेरिकेत आणि नेहा मांजलपुरात.

मामीने मला पुण्याला फोन केला. “बाळ्या, तू दगडांमधला जाणकार आहेस ने? मग ये, आणि ह्यांना एक चांगला दगड शोधून दे. नाहीतर आहे तो माझ्या डोक्यात घाल.”

जाणकार मी कसा झालो ते सांगायला हवं. वस्तऱ्याने दाढी करणारी आम्ही तीन-चार माणसं पुण्यात रविवारी एकत्र जमतो आणि बाकीच्या जगाला नावं ठेवतो. त्या जोरावर मी एका दिवाळी अंकात धारेच्या नैसर्गिक दगडांवर लेख लिहिला. लेखात माहिती बरीच होती. त्यातली माझी किती आणि इकडून तिकडून उचललेली किती, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

मांजलपूर, गुरुवार

मांजलपूर म्हणजे नुसत्या सोसायट्या. प्रत्येकीच्या फाटकावर देवाचं नाव आणि फाटकाच्या आत स्कूटरी इतक्या दाटीवाटीने उभ्या, की घरी परतणाऱ्या माणसाला आपली गाडी लावायची तर दुसऱ्या चार आधी हलवाव्या लागतात. मामांचा मुलगा शेखर वाघोडियाच्या एका कारखान्यात इंजिनियर. कमरेला पेजर. तो वाजला की सगळं घर गप्प बसतं, शेखर खाली जाऊन फोन करून येतो आणि ‘काही नाही, ट्रायल होती’ म्हणतो.

मामा गॅलरीतल्या हिंचक्यावर बसले होते. दाढी छातीपर्यंत नव्हती, पण निघाली त्याच दिशेला होती.

“आलास? केम, मजामां? आधी जमून घे, मग दगड.”

बडोद्याची मराठी माणसं जेवत नाहीत, जमतात. पहिल्या खेपेला मी ‘कोण कोण जमणार आहे?’ असं विचारलं होतं आणि ते अजून माझ्या तोंडावर मारलं जातं. जमलो. मामीच्या आमटीत गूळ इतका, की पोळी बुडवल्यावर गुळपोळी झाली. भाजीत साखर, कोशिंबिरीत साखर. मिठात तरी नसेल अशा आशेने मी पानातलं मीठ चाखून पाहिलं. या गोड जेवणावर पोसलेली माणसं बोलतात मात्र अशी, की पुणेकरानेही वही काढून बसावं.

जेवण झाल्यावर मामांनी रेशमी फडक्यातून दगड काढला. काळाकुट्ट, तेलकट, मधोमध खोगिरासारखा खोलगट. सगळं घर भोवती उभं राहिलं. मग मी तमाशा सुरू केला. दगड ओळखणाऱ्या माणसाचा एक ठरलेला विधी असतो. दगड आधी तळहातावर तोलायचा आणि हुंकार द्यायचा. नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. त्यावर हाः करून फुंकायचं आणि वाफ किती वेळात विरते ते बघायचं. थुंकीचा थेंब टाकून तो पसरतो की गोल राहतो ते बघायचं. शेवटी भिंगातून बघायचं आणि भिंगातून काहीही दिसलं नाही तरी भुवया वर करायच्या. माझ्या ओळखीचा एकही जाणकार या विधीने दगड ओळखत नाही. तो माणसं ओळखतो. समोरचा दबला की दगड ओळखला गेला.

“मामा,” मी म्हटलं, “ही शहाबादी फरशी आहे. मोरीतली. फेकून द्या.”

वहिनी, म्हणजे शेखरची बायको आणि नेहाची आई, हिने ओठ दाबून माझ्याकडे पाहिलं. मामांचा हिंचका थांबला.

“मोरीतली? अरे, हा माझ्या वडिलांना सरकारातून मिळाला होता.”

“सरकारच्या मोरीतली असेल.”

मामांनी दगड पुन्हा फडक्यात बांधला. मग म्हणाले, “बाळ्या, दगड तू आण. पण माझ्या हाताला पटला तरच वस्तरा त्याला लागेल. आणि वस्तरा लागला तरच दाढी होईल. नेहाला सांग, आजोबा साखरपुड्याला असेच बसतील.”

नेहा आतल्या खोलीत होती. तिने कपाटाचं दार जोरात लावलं. एवढंच उत्तर आलं.

पाणीगेट, शुक्रवार

सकाळी वहिनी मला बिनगियरच्या स्कूटरवर मागे बसवून जुन्या शहरात घेऊन गेली. वाटेत शेव-उसळ खाल्ली. बडोदेकर या पदार्थाबद्दल असं बोलतात, की मिसळ ही तिची गावाकडची गरीब बहीण असावी. वाटाण्याचा रस्सा, त्यावर शेवेचा ढीग, बाजूला पाव आणि तिखट लागलंच तर आणखी शेव. तिखटावर शेव हा उपाय सुचवणाऱ्याने आयुष्यात तिखट खाल्लेलं नसणार. मी दोन वेळा मागून घेतली, ती केवळ अभ्यासासाठी.

पाणीगेटच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. दुकानं म्हणजे काय, भंगारवाल्याने एका कोपऱ्यात मखमल अंथरली की तो अँटिकवाला होतो. मला गुजराती येतं असा माझा समज आहे. मराठीला ‘छे’ लावलं की गुजराती झालं, हा त्यामागचा सिद्धांत. आपल्याकडे न्हाव्याच्या दगडाला पथरी म्हणतात. तेव्हा पहिल्याच दुकानात शिरून मी दणक्यात विचारलं, “काका, जूनी पथरी छे?”

दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्टूल पुढे केलं.

“बेसो, बेसो. केटला वखतथी?”

किती काळापासून? मला प्रश्न रास्त वाटला. मालाचं वय विचारत असणार. “बहु जूनी जोईए. सो वरसनी.”

“सो वरसनी!” त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. “ए रमणभाई, अहीं आवो तो. आ भाईने सो वरसनी पथरी छे.”

रमणभाई आले. आणखी एक गृहस्थ विनाकारण आले. “मोटी छे?” रमणभाईंनी हळूच विचारलं.

“मोटी तो जोईए ज,” मी दोन्ही हातांनी वीतभर लांबी दाखवली. “लांबी, चपटी ने एकदम लीसी.” गुळगुळीतला लीसी म्हणतात, एवढं गुजराती मला येत होतं.

तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. विनाकारण आलेले गृहस्थ खाली बसले. रमणभाई म्हणाले की कुळथाचं पाणी घ्या, जवाचं पाणी घ्या, माझ्या साळ्याची चण्याएवढी होती आणि तो जमिनीवर लोळत होता, तुम्ही उभे कसे आहात? मला वाटलं दगड साफ करायचे हे इथले गावठी उपाय, म्हणून मी ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुळथाच्या पाण्यात ती किती वेळ बुडवायची?”

तेव्हा कुठे मी मागे पाहिलं. वहिनी स्कूटरच्या हँडलवर डोकं ठेवून हसत होती. खांदे नुसते गदगदत होते.

“भाऊजी,” ती डोळे पुसत म्हणाली, “अहो, इथे पथरी म्हणजे मूतखडा.”

“मग आधी सांगायचं नाही?”

“सांगणार होते. पण तुम्ही लांबी दाखवलीत ने, मग राहवेना.”

वहिनीने मग ‘अस्त्रो घसवानो पथ्थर’, म्हणजे वस्तरा घासायचा दगड, हवा असल्याचं समजावलं. तिघांनाही जरा वाईटच वाटलं. एवढा मोठा रोगी हातातून गेला. त्यांनी आम्हाला गल्लीच्या टोकाच्या हसमुखभाईंकडे पाठवलं.

हसमुखभाईंचं दुकान अरुंद आणि खोल. आत घड्याळं, पितळी पिकदाण्या, पाय मोडलेली खुर्ची. प्रत्येक वस्तू राजमहालातून आलेली. खुर्ची महालातली, पिकदाणी महालातली, मी पंख्याचं बटण विचारलं तर तेही. या हिशेबाने महालात आता फक्त भिंती उरल्या असाव्यात. त्यांनी दगडांची टोपली पुढे ओढली. टोपलीत बहुतेक सुताराचे घासून संपलेले दगड, दोन कारखान्यात बनवलेले, एक चक्क साबणाची वाळलेली वडी. आणि तळाशी एक पिवळसर दगड, लोण्यासारखा मऊ लागणारा, पाठीला काळ्या पाटीचा थर, वर तेलाचं आणि धुळीचं पुट.

मी वाकून पुन्हा पाहिलं. बेल्जियमचा पिवळा दगड! आमच्या रविवारच्या कंपूत तो एकाकडेही नाही, सगळे फक्त त्याच्याविषयी बोलतात. मी चेहरा मख्ख ठेवून टिचकी, फुंक, भिंग असा सगळा विधी केला.

“महेलनो छे,” हसमुखभाई म्हणाले.

“महेलमां दाढी कोण करतुं?”

“राजा, साहेब. राजाने दाढी नहीं ऊगे?”

घासाघीस वहिनीने केली, मी केवळ दोनदा दुकानाबाहेर जाऊन परत आलो. दगड घरी आला.

मांजलपुरातलं स्वयंपाकघर, त्याच दिवशी

तेल प्यायलेल्या दगडाला धार देता येत नाही. त्याची छिद्रं बुजतात आणि वस्तरा काचेवरून घसरावा तसा घसरतो. तेव्हा आधी ते तेल काढायचं. यासाठी दगड धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात ठेवायचा, पाणी काळं झालं की बदलायचं, असं शांतपणे करत राहायचं. शांतपणे. मी घाईत होतो. मी पाणी उकळत ठेवलं, तेही मामीच्या आमटीच्या पातेल्यात.

“बाळ्या, त्यात मी उद्या कढी करणार आहे,” मामी म्हणाली.

“सोड्याने पातेलं स्वच्छ होतं मामी.”

“पातेलं स्वच्छच होतं.”

पाणी खदखदू लागलं. पिवळ्या दगडातून तेलाचे काळे धागे वर येऊ लागले. मामा दारात येऊन उभे राहिले, पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत मला काहीशी आशा दिसली. नेहाही आली. मी सगळ्यांना समजावून सांगू लागलो की बघा, दगड कसा श्वास घेतोय. आणि पातेल्यात खट्ट आवाज झाला.

चिमट्याने बाहेर काढलं तर दोन दगड. एक पातळ पिवळा, एक काळी पाटी. मध्ये काळ्या डिंकासारखा लगदा लोंबत होता.

मग मी जे काही बोललो ते गुजराती व्यापाऱ्यांना उद्देशून होतं आणि ते इथे छापण्यासारखं नाही. दोन दगड चिकटवून विकतो! राजमहाल म्हणे! मला फसवतो, मला! नेहाने एकदा माझ्याकडे, एकदा आजोबांच्या दाढीकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, उद्या शनिवार आहे.” मामी त्या पातेल्याकडे बघत होती. ते पातेलं आता कढीचं राहिलं नव्हतं.

पुन्हा पाणीगेट, शनिवार

सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात. मी दोन्ही तुकडे हसमुखभाईंच्या गल्ल्यावर आपटले. “आ शुं छे? खोटो माल! चोंटाडेलो! चिकटवलेलो!”

मला वाटलं होतं भांडण होईल. बडोद्यात घेतलेला माल परत घेणारा दुकानदार मी पाहिलेला नाही, पुण्यात तर त्याची कल्पनाही करवत नाही. हसमुखभाईंनी पिवळा तुकडा उचलला, उजेडात धरला, त्यावरून अंगठा फिरवला. मग गोड हसले, पैसे परत केले आणि वर चहा पाजला. मी विजयी मुद्रेने चहा प्यायलो. बशी चाटायची तेवढी बाकी होती.

परतताना सिग्नलला स्कूटर थांबली. वहिनी मान वळवून म्हणाली, “भाऊजी, एक विचारू? तुमच्या त्या लेखात होतं ने, बेल्जियमचा पिवळा दगड फार ठिसूळ असतो, म्हणून तिकडेच त्याला पाठीला पाटी चिकटवून विकतात? आणि पाटी चिकटवलेली असली म्हणजे माल खरा समजावा, असं?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले.

“तुम्हीच लिहिलं होतंत ने?” वहिनी म्हणाली.

लिहिलं होतं. माझा लेख कुणी वाचल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ते नेमकं अशा वेळी. “मग दुकानात का नाही बोललात?” मी ओरडलो.

“मला वाटलं, लेख लिहिल्यानंतर तुम्हाला आणखी काही नवीन कळलं असेल.”

स्कूटर तिथेच वळवली. दुकानात हसमुखभाई एकटे, आरामात. टोपली तीच, पिवळा दगड नाही.

“ए तो गयो,” ते म्हणाले. “मुंबईना वेपारी बेठा ज हता. लई गया.”

“पण तो खरो हतो!”

“तमे ज कह्युं, खोटो छे. तमे जाणकार माणस, में मानी लीधुं.” आणि त्यांनी पुन्हा चहा मागवला. हा दुसरा चहा मी प्यायलो नाही. वहिनीने दोन्ही प्याले संपवले.

गच्ची

आता उरला होता मामांचा दगड. मीच मोरीतला ठरवलेला.

दुपारी मी मान खाली घालून गॅलरीत गेलो. मामा हिंचक्यावर, डोळे मिटलेले.

“मामा, तो दगड द्या.”

“मोरीत लावायचाय?”

“साफ करून बघतो.”

“सरकारच्या मोरीतला आहे तो. जपून.”

शेखरने वाघोडियाहून पाण्यात वापरायचा बारीक पॉलिश पेपर आणि जाड काचेचा तुकडा आणला होता. कारखान्यातून काहीतरी घरी आणण्यात त्याला जो आनंद झाला तो पगारातही होत नसावा. “मायक्रॉनमध्ये सपाट होईल,” तो म्हणाला. मायक्रॉन हा त्याचा देव आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही बसलो. आधी दगड रॉकेलमध्ये घातला, मग सोड्याच्या पाण्यात, पण या वेळी कोमट, आणि मी त्याच्याकडे डोळे लावून गप्प बसलो. गप्प बसणं हा जीर्णोद्धाराचा निम्मा भाग आहे, लेखात मी तो गाळला होता. काळं पाणी ओतलं, पुन्हा घातलं, पुन्हा ओतलं. मग दगडाच्या तोंडावर शिसपेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारून तो काचेवरच्या ओल्या पेपरवर घासायला घेतला. खोलगट दगडाच्या फक्त कडा घासल्या जातात, मधल्या रेघा हसत तशाच राहतात. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. दर वेळी नव्या रेघा मारायच्या, दर वेळी मधल्या शिल्लक. शेखर मायक्रॉन विसरून घामाने निथळत होता. वाळत घातलेल्या पापडांवर राखाडी शिंतोडे उडाले म्हणून शेजारची बाई येऊन भांडून गेली. भांडताना तिने मात्र घासायची पद्धत समजावून घेतली, कारण तिच्या विळीला धार नव्हती.

संध्याकाळच्या आत शेवटची रेघ गेली. काळ्याच्या खालून एक हिरवट-राखाडी, धुरकट दगड निघाला. हातावर पाणी असताना त्याच्यावरून बोट फिरवलं तर रेशमासारखा. कुठला दगड? मला अजून कळलेलं नाही. पुण्यात चौघांना दाखवण्यासाठी त्याचा फोटो आणला, चौघांनी चार देश सांगितले. फरशी नव्हती, इतकं छातीवर हात ठेवून सांगतो, आणि माझी छाती किती भरवशाची ते तुम्ही पाहिलंच आहे.

मामांनी वस्तरा काढला. पाणी टाकलं. पात्याची पाठ न उचलता, धार पुढे ठेवून दगडावरून सरकवलं, पाठीवरून उलटलं, परत आणलं. आवाज बदलला तसा त्यांचा चेहरा बदलला. मग चामाटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, ओढून त्यांनी मनगटावरचा केस पात्यावर नुसता टेकवला. केस गेला. नेहाने खाली जाऊन साड्या इस्त्रीला टाकल्या.

रविवार

इथे माझं काम संपलं होतं. शहाणा माणूस इथून स्टेशनवर गेला असता.

सकाळी मामा आरशासमोर बसले तेव्हा मी म्हटलं, “मामा, इतक्या दिवसांच्या दाढीला आधी वाट करून द्यावी लागते. पहिला हात मी मारतो.” मामा आदल्या दिवसापासून माझ्यावर खूश होते. ही त्यांची चूक. त्यांनी मान वर केली आणि मी साबण लावला. दाढी उतरू लागली तशी मला भाषण सुरू करावंसं वाटलं. शेखर बघतच होता. “हा कोन बघ,” मी त्याला सांगत होतो, “मिशीच्या कडेशी पातं असं आडवं धरायचं, कातडी ताणायची, आणि—”

“आजोबा!” नेहा दारातून ओरडली. “ते लोक निघाले आणंदहून!”

मामांनी मान वळवली. धार इतकी उत्तम लागली होती की काहीही जाणवलं नाही. ना त्यांना, ना मला. फक्त साबणाबरोबर डावीकडची अर्धी मिशी खाली गळ्यातल्या टॉवेलवर पडलेली दिसली.

शेखरच्या कमरेचा पेजर वाजला. कुणीही हललं नाही.

मामांची मिशी पांढरी, भरघोस, दोन्ही टोकांना किंचित वर. अर्धी मिशी ठेवून साखरपुड्याला बसणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. उरलेली अर्धीही उतरवावी लागली. ती मामांनी स्वतः उतरवली, माझ्या हातून वस्तरा काढून घेऊन. आणि मग ध्यानात आलं. काल दाढी होती तेव्हा लोकांना वाटलं असतं घरात सुतक चालू आहे. आज दाढी साफ, मिशीही साफ, म्हणजे नुकतंच कुणाचं तरी दिवसकार्य आटोपलं.

माणसं जमू लागली, आणि इथे जमू लागली म्हणजे आलीच. बडोद्यातले मराठी नातेवाईक, कुणी निवृत्त मास्तर, कुणी निवृत्त अधिकारी, आत येत, मामांकडे बघत, चेहरा पाडत आणि माझ्या कानाशी लागत, “कधी झालं?” काहीजण तर बूट बाहेर काढून खांदे पाडूनच शिरले. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ दाबला. दुःखाची इतकी तयारी करून आलेल्या माणसांना पेढा देताना मला आसुरी आनंद झाला.

मग खाली गाड्यांचे भोंगे वाजले. आणंदवाले आले. पुढे बा, पांढऱ्या साडीत, काठी टेकत. मागे मुलगा, त्याचे आईवडील, फळांच्या टोपल्या. बांनी उंबरठ्यात पाय ठेवला आणि समोर मामा. गुळगुळीत. बांची काठी थांबली. टोपल्या थांबल्या. नेहा पडद्यामागे होती, पडदा तिने मुठीत घट्ट धरला होता.

“दादा,” बा म्हणाल्या, “मूछ? कोण गुजरी गयुं?”

मामांनी तोंड उघडलं, पण मूळचे सरकारी माणूस, खरं कारण सांगायची सवय नाही. शेखर काही तांत्रिक कारण शोधत होता. मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे.

मामी स्वयंपाकघरातून आली. हातात ओवाळणीचं तबक. तिने मामांना तोवर पाहिलंच नव्हतं, सकाळपासून ती पुरणात होती. तिने बांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून, पहिल्यांदाच पाहावं तसं.

“कोई नथी गुजर्युं, बा,” ती म्हणाली. “फक्त मूछ गुजरी गई.”

बांनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं आणि हसायला लागल्या. दात नसलेलं, अंग हलवणारं हसू. काठी सुनेच्या हातात देऊन त्या आत आल्या, मामांच्या शेजारी हिंचक्यावर बसल्या आणि त्यांच्या गालावरून हात फिरवून, नवऱ्या मुलाच्या बापाकडे बोट दाखवत म्हणाल्या, “केवा लीसा! मारा दीकराने पण तमारा अस्त्राथी करावो.” पडदा सुटला. टोपल्या आत आल्या. नारळ हातात पडला, अंगठ्या झाल्या, पेढे फिरले. आणंदवाल्यांचं साखरपुड्याचं गाणं असं लांबलचक, की त्यात आमच्या दोन पंगती उरकल्या असत्या.

पाहुणे गेल्यावर मामी रिकामं तबक मांडीवर घेऊन हिंचक्यासमोर बसली. पुन्हा मामांकडे बघत राहिली. मामा हाताने वरचा ओठ झाकू लागले.

“हात काढा,” मामी म्हणाली. “अहो, हा तर अगदी सासूबाईंचा ओठ. तस्साच्या तस्सा. लग्नाआधी पाहिला असता, तर मी नाही म्हटलं असतं.”